मागच्या कप्प्यातली हवा

२४ जानेवारी

श्री. जावईबापू यांस,

काचघराचा सांगाडा मी माझ्या हातांनी उभा केला. काचा पाडलेल्या शाळेच्या खिडक्यांमधल्या. एकेक घासून, कापून, पुट्टी भरून मीच बसवल्या. बंद पडलेल्या लाँड्रीचा बॉयलर उघडून दुरुस्त केला आणि त्याचे नळ वाफ्यांखालून फिरवले. वाफ्यांच्या चौकटी, पाण्याची टाकी, छपरातल्या झडपा, त्या उघडायच्या दोऱ्या, मधली काचेची भिंत, तिच्यातलं दार, दाराची कडी, सगळं माझं. घरातलं म्हणाल तर जिना, दोन कपाटं, आणि ज्या टेबलावर तुम्ही तुमची जाडजूड पुस्तकं पसरून बसत होता ते टेबल. यातल्या कशासाठीही मला कॉलेजात जावं लागलं नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचं लाकडानं आणि लोखंडानं शिकवलं.

हे लिहायचं कारण, जाताना तुम्ही दारात म्हणालात, "या घरात माझं काही नाही." मी शोधून पाहिलं. एक स्वेटर, एक भिंग, चष्म्याचं घर आणि डाव्या पायाचा रबरी बूट एवढं निघालं. पार्सलनं पाठवत आहे. उजवा बूट तुमच्याकडे असेल असं धरून चालतो.

इकडे सगळं ठीक. पुढच्या मोठ्या कप्प्यातले टोमॅटो बरे आहेत. मागच्या लहान कप्प्यातली रोपं तर बघत राहावीत अशी झाली आहेत: पानं हातभर, रंग काळपट हिरवा, देठ अंगठ्याएवढे. तिथे मी नवा दिवा टांगला. पत्रा ठोकून त्याला छत्री केली, आतून चकचकीत घासली, म्हणजे उजेडाचा कणही वर वाया जात नाही. बागायतदार संघाचे लोक मुद्दाम येऊन बघून गेले. अध्यक्ष म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या हाताला तोड नाही." तुम्हाला हे कळावं म्हणून सांगितलं, बाकी काही हेतू नाही.

एक किरकोळ चौकशी आहे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांचंही काचघर आहे. त्यांच्याकडची झाडं पिवळट पडून बारीक झाली आहेत, फुलं येतात आणि गळतात. पाणी व्यवस्थित, खत व्यवस्थित, ऊब भरपूर. त्यांनी दिवेही वाढवले, तरी फरक नाही. तुमच्या पुस्तकांत याबद्दल काही असेल तर दोन ओळी लिहाव्या. नसेल तर राहू दे.

आमच्या लेकीची तब्येत कशी आहे? सासूबाई विचारत होत्या.

आपला,
सासरा


६ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्याशा जागेत एवढं बारीक अक्षर काढलंत, भिंग ठेवून घ्यायला हवं होतं असं वाटलं; ते तुमच्याकडे, वाचायचं मला. असो.

त्या गृहस्थांना मी तुमचे प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं अशी.

एक, त्यांच्या काचघराच्या झडपा दिवसा उघड्या असतात का? नसतात. त्यांनी काम असं केलं आहे की आत मेणबत्ती लावली तर ज्योत हलत नाही. सांध्यांना पुट्टी, वर रबरी पट्ट्या. बाहेर पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो आहे आणि बॉयलरला सरपण काही फुकट मिळत नाही. अशा वेळी झडप उघडायची म्हणजे मडक्याला भोक पाडून पाणी भरायचं.

दोन, झाडं दाट आहेत का? आहेत. जागा वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नाही.

तीन, सगळं काचघर सारखंच आजारी आहे की एखादा कोपरा बरा आहे? इथे ते गृहस्थ जरा थांबले. एक लहान कप्पा आहे, तिथली रोपं उत्तम आहेत. तिथे त्यांनी एक खास दिवा लावला आहे. म्हणून त्यांनी तसेच आणखी सहा दिवे करून मोठ्या कप्प्यात टांगले. दोन आठवडे झाले. काही नाही. पानं उलट जास्तच मलूल.

तुम्ही खाली लिहिलं आहे, "असा कोपरा असेल तर दिवा सोडून तिथे आणखी काय वेगळं आहे, हे त्या गृहस्थांनी शोधावं. पण त्यांनी स्वतः शोधावं, दुसऱ्याला विचारून नको, कारण दुसऱ्याचं ऐकल्यावर त्यांना ते पटणार नाही."

तुम्हाला त्या गृहस्थांचा स्वभाव बराच ठाऊक दिसतो.

ते शोधतील.

आपला,
सासरा


१५ फेब्रुवारी

जावईबापू,

गृहस्थ वगैरे कोणी नाही. तुम्हाला पहिल्या कार्डाच्या आधीच कळलं होतं हे मला माहीत आहे. तरी तुम्ही कार्डात शेवटपर्यंत "त्या गृहस्थांना माझा नमस्कार" लिहिलंत. मी तुमच्या जागी असतो तर मला एवढं जमलं नसतं.

मंगळवारी दुपारी जेवून मी बाजारात निघालो. अर्ध्या वाटेवर आठवलं की चष्मा काचघरातच राहिला. परत आलो तर मागच्या कप्प्यात तुमच्या सासूबाई स्टुलावर चढलेल्या. छपरातली झडप उघडून तिच्या फटीत त्यांनी लाकडाचा तुकडा अडकवला होता. नीट बघितलं तर तो माझा रंधा.

"काय चाललंय?"

"जेवायला घालतेय."

"कुणाला?"

"तुमच्या झाडांना. जावई सांगून गेलेत, ऊन असेल तेव्हा दोन तास तरी हवा द्या. पुढच्या झडपा तुम्ही पट्ट्या मारून चिणल्यात, माझ्याच्यानं निघेनात. ही एक निघाली."

"कधीपासून?"

"ते गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. तुम्ही दुपारी घोरता ना, तेव्हा."

"मला का नाही सांगितलंस?"

त्या स्टुलावरून उतरल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला सांगून कळत नाही. दाखवावं लागतं. आणि दाखवलं की दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता, हे मीच शोधलं."

मी म्हटलं, "रंधा कशाला घेतलास? धार जाते."

एवढंच सुचलं मला. तिथे उभा राहून मी रंध्याच्या धारेबद्दल बोललो. वर माझा दिवा लटकत होता, त्याची छत्री चकाकत होती, संघाचे लोक त्याच्याकडे मान वर करून बघून गेले होते आणि मी त्यांना उजेडाचा कोन समजावून दिला होता. दहा मिनिटं. कुणी जांभई दिली नाही.

तरीही मला पटलं नाही, हे लिहितो. हवा ती काय! ती तर सगळीकडेच असते. मी ठरवलं की सासू आणि जावई दोघांनाही खोटं पाडायचं. टाकीतली पाणवनस्पती तोडून काचेच्या बरणीत घातली, शेजारी दिवा ठेवला. देठाच्या तुटलेल्या टोकातून बुडबुडे वर येऊ लागले. हा प्राणवायू, झाड साखर करताना जो बाहेर टाकतं तो, म्हणजे बुडबुडे जास्त तेवढं काम जास्त; हे तुमच्या टेबलावरच्या पुस्तकात होतं. एक पुस्तक राहिलं होतं. ते मी पार्सलात घातलं नव्हतं.

दिवा जवळ नेला, बुडबुडे वाढले. मी खूश. आणखी जवळ नेला, वाढायचे थांबले. मधे पाण्याचं काचेचं भांडं ठेवलं, म्हणजे उष्णता अडेल आणि उजेडच जाईल. तरी तेवढेच. मग पाणी उकळून, झाकून गार केलं, कारण उकळताना पाण्यातला विरघळलेला वायू निघून जातो. त्या पाण्यात तीच फांदी, तोच दिवा, तेवढ्याच अंतरावर. बुडबुडे जवळजवळ बंद. मी दुसरा दिवा आणला. तिसरा आणला. स्वयंपाकघर लग्नाच्या मांडवासारखं उजळलं आणि फांदी ढिम्म.

तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "काय मोजताय एवढं?"

"बुडबुडे."

"संसारात कधी काही मोजलं नाहीत, आता बुडबुडे मोजा."

मग मी त्यांच्या डब्यातला चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात टाकला. पुस्तकात होतं की त्यातून झाडाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. थोड्या वेळानं एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग मोजायला फुरसत देईनात.

चहा पुढ्यात गार झाला.

आपला,
सासरा


२३ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमचं पत्र आलं. कार्ड नव्हे, पत्र. तुम्ही समजावून लिहिलंत, त्यात एकही शब्द टोचणारा नव्हता, म्हणून ते वाचायला मला दोन दिवस लागले.

मला समजलं ते असं. बरोबर आहे का बघा. मुळं पाणी आणतात. पानाच्या पाठीवरच्या बारीक भोकांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो. हिरवं द्रव्य उजेड पकडतं. या सगळ्यातून पान साखर शिजवतं. आता जिन्यावरून कपाट न्यायला चार माणसं लावली, तर वेग सगळ्यात दांडग्या माणसाचा नसतो, जो सगळ्यात मागे रेंगाळतो त्याचा असतो. दांडग्याला कितीही खायला घाला, कपाट तिथेच. माझ्या काचघरात रेंगाळत होती हवा. घट्ट बंद, दाट झाडं; सकाळी ऊन आलं की दोन-तीन तासांत झाडं आतला वायू खाऊन संपवत होती, आणि मी दिव्यावर दिवे लावत होतो. वर चोवीस तास बॉयलर. उबेनं झाड जास्त श्वास घेतं, म्हणजे साठवलेलं खर्च करतं. कमाई बंद आणि खर्च चालू. ज्या सांध्यांचा मला गर्व होता त्या सांध्यांनी झाडं उपाशी मारली. एखादा आळशी सुतार असता, फटी ठेवल्या असत्या, तर त्याचे टोमॅटो लागले असते.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. अडाणीपणाची लाज वाटत नाही असं नाही, पण ती पचते.

आता पुढचं. तुम्ही विचारलेलं नाही. ती विचारत असेल, मनात.

नोव्हेंबरात तुम्ही दुपारच्या उन्हात झडपा उघडत होता. मी त्या बंद करून पट्ट्या मारल्या आणि तुम्हाला गड्यांसमोर बोललो. त्यानंतर झाडं पिवळी पडू लागली. जानेवारीच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, "मिस्त्री, यंदा तुमच्याकडे काय झालं?" तुम्ही माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. संघाच्या सल्लागाराच्या जागेसाठी तुमचा अर्ज त्यांच्या समोरच्या टेबलावर होता, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "आमचे घरजावई. पदवीचे प्रयोग केले. झडपा उघड्या टाकल्या, रोपं गारठली." संघातला काकडीवाला हसला, "सासऱ्याच्या घरात राहायचं आणि सासऱ्याचीच ऊब बाहेर सोडायची!" सगळे हसले. मीही हसलो. तुमचा अर्ज अध्यक्षांनी बाकी कागदांखाली सरकवला.

रोपं गारठली नव्हती. ही गोष्ट मी तेव्हा जाणत होतो. काचघरातला थर्मामीटर पारा रात्रीत किती खाली गेला, दिवसात किती वर गेला, ते दाखवतो. तो रोज सकाळी मीच बघतो, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. तुम्ही झडपा उघडत होता त्या दिवसांत पारा एकदाही झाडाला बाधेल इतका उतरला नव्हता. हवेचं मला ठाऊक नव्हतं, तो अडाणीपणा. थंडीचं ठाऊक होतं, ते खोटं.

त्या संध्याकाळी ती बॅग भरत होती. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, "बाबा, ह्यांनी तुम्हाला एकदा तरी उलट उत्तर दिलंय? दिलं असतं तर तुम्ही ह्यांना माणूस समजला असतात." मी म्हणालो, बॅगेचा पट्टा उसवलाय, शिवून देतो. तिनं दिला नाही.

मार्चमध्ये संघाची पुन्हा सभा आहे. सल्लागार अजून नेमलेला नाही. मला काय करायचं आहे ते मला कळतं. पण मी तुम्हाला वचन देत नाही, कारण गेल्या चार रात्री मी सभेतलं भाषण तयार करतो आहे आणि प्रत्येक वेळी त्यात माझा थोडासा मोठेपणा कुठून तरी शिरतोच.

सासरा

पुढच्या सगळ्या पट्ट्या काढल्या. दुपारी झडपा उघड्या असतात. पुस्तक या पत्रासोबत परत पाठवतो आहे. सोड्याच्या पानावर चहाचा डाग पडला आहे, माफ करा.


११ मार्च

जावईबापू,

काल सभा झाली.

मी उभा राहिलो तेव्हा काकडीवाला ओरडला, "मिस्त्री, आज दिवा नाही आणला?" भाषण खिशात होतं, ते काढलंच नाही. मी म्हणालो, "मागच्या कप्प्यातली रोपं दिव्यानं वाढली नाहीत. झडपेनं वाढली."

"कोणी उघडली झडप?"

"घरच्यांनी."

"घरच्यांनी म्हणजे?"

"बायकोनं. जावयांनी सांगितलं होतं म्हणून. माझ्या नकळत."

हसून हसून लोक खुर्च्यांवरून पडायचे राहिले. काकडीवाला म्हणाला, "म्हणजे मिस्त्री सोडून सगळं घर शहाणं!"

मी म्हणालो, "हो."

मग मी बरणीचं सांगितलं, उकळलेल्या पाण्याचं, सोड्याचं. बागायतदारच ते, हसू थांबलं आणि प्रश्न सुरू झाले. झडप किती वाजता उघडायची, बाहेर फार गारठा असेल तर काय. मी म्हणालो, मला एवढंच येतं, पुढचं ज्यांना येतं त्यांना विचारा. तिथेच खाली बसलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. लोकांना प्रांजळ माणूस आवडतो. टाळ्याही पडल्या असत्या.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "जानेवारीत मी इथे म्हणालो की जावयांनी रोपं गारठवली. ते खोटं होतं. रोपं गारठली नव्हती आणि मला ते माहीत होतं."

कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग तसं का बोललात?"

"माझं काचघर चुकलं हे मला म्हणता येईना. जावई चुकला हे म्हणता आलं."

काकडीवाल्यानं मान खाली घातली, कोणास ठाऊक कशासाठी, त्यालाही दोन जावई आहेत. अध्यक्षांनी कागद चाळले, तुमचा अर्ज वर काढला आणि चिटणिसांना म्हणाले, "यांना भेटीला बोलवा." जागा तुम्हाला मिळेल असं मी लिहीत नाही, आणखी दोघांचे अर्ज आहेत. त्यांनी मला विचारलं की तुमच्याबद्दल आणखी काही सांगायचं आहे का. मी नाही म्हटलं. माझ्या शिफारशीची आता किंमत काय, आणि असली तरी तुम्हाला तिची गरज नाही. पत्र तुमच्या पत्त्यावर येईल. आलात तर इथे उतरू नका असं मी म्हणणार नाही, उतरा असंही म्हणवत नाही. घराला दार आहे, त्याची कडी आतून लावत नाही, एवढं सांगतो.

तिला हे पत्र वाचायला द्या किंवा देऊ नका. दिलंत तर तिला सांगा, मी स्वतःच्या तोंडानं बोललो, लिहून पाठवलं नाही.

तुमचा,
सासरा

ता. क. एक गोष्ट राहिली, ती सासूबाईंनाही अजून सांगितलेली नाही. सभेत मागच्या बाकावर शहरातला एक दिव्यांचा व्यापारी बसला होता. सभा संपल्यावर त्यानं मला पायऱ्यांवर गाठलं. म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आत जे बोललात ते आत राहू द्या. तुमच्या दिव्याची छत्री देखणी आहे, आणि त्या मागच्या कप्प्याचा फोटो संघाच्या माणसानं मला दिलाय. फोटोत झडप दिसत नाही." विचार करतो म्हणालो आणि सभागृहाला एक फेरी मारली. ती फेरी मारली याची मला लाज वाटते, म्हणून लिहितो. परत येऊन नाही म्हणालो. छत्रीचा नमुना, तो फोटो आणि दिव्याच्या प्रत्येक खोक्यावर माझं नाव, एवढ्याचे तो सव्वाचार लाख देत होता.